चांगला दाब

गुरुवारी दुपारी इंजिन दुसऱ्याच किकला सुरू झालं आणि गॅरेजमधल्या तिघांपैकी दोघांचे चेहरे खुलले.

काकांनी हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं आणि डोळे मिटून आवाज ऐकला. टर्नरने लेथ बंद करून तिथूनच शिट्टी मारली. तिसरी होती काकांची पुतणी. ती गाडीशेजारी उकिडवी बसून ऑइलच्या नळीला जोडलेल्या प्रेशरच्या घड्याळाकडे एकटक बघत होती.

"काय म्हणतोय काटा?" काकांनी विचारलं.

"पासष्ट."

"गार आहे अजून. तापल्यावर सांग."

समोर मोठा पंखा लावून त्यांनी इंजिन पंधरा मिनिटं चालवलं. सिलिंडरच्या पात्यांवर बोट टेकवेना, तेव्हा काकांनी भुवया उंचावून पुन्हा विचारलं.

"अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर साठ," पुतणी म्हणाली. "सोडल्यावर पंचेचाळीस."

"पंचेचाळीस! साठ वर्षांची म्हातारी, आणि पंचेचाळीस! टर्नर, ऐकलंस का? सासऱ्यासारखा ठाण मांडून बसलाय काटा. हलायचं नाव नाही."

"तुमच्या सासऱ्यांना पाहिलंय मी," टर्नर म्हणाला. "त्यांच्यापेक्षा काटा बरा. दर तासाला चहा तरी मागत नाही."

पुतणी हसली नाही. गॅरेजमध्ये तिला सगळे मीटर म्हणत. पाण्याचे पंप तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेतली नोकरी सोडून ती आठ महिन्यांपूर्वी काकांकडे आली होती. पहिल्याच दिवशी काकांनी चहा करायला सांगितला तेव्हा तिने साखर सपाट चमचा घालू की शीग लावून, असं विचारलं. तेव्हापासून तिचं खरं नाव फक्त घरी उरलं.

गाडी युरोपातली, साठ वर्षांपूर्वीची. शेजारी शेजारी उभे दोन सिलिंडर, आणि दोन्ही पिस्टन एकदमच वर जाणारे, एकदमच खाली येणारे. एक वर असताना दुसरा खाली ठेवला असता तर धक्के कमी बसले असते, असं कुणालाही वाटेल. मीटरलाही वाटलं होतं. पण बनवणाऱ्यांना एकाच कार्बोरेटरवर दोन्ही सिलिंडर चालवायचे होते आणि स्फोट सारख्या अंतराने हवे होते. म्हणून त्यांनी दोघांना एकत्र नाचवलं आणि हादरे चालवणाऱ्याच्या नशिबी दिले. अशा गाडीचे दिवे जळून जात नाहीत, त्यांची तार हादऱ्यांनी तुटते. नट आपोआप सैल होतात. नंबरप्लेटला तडे जातात.

काकांची याबाबत एक ठरलेली मांडणी होती. "दोन सिलिंडर म्हणजे दोन भाऊ समज. ह्या गाडीतले भाऊ हातात हात घालून उड्या मारतात, घर हादरतं. ती कोपऱ्यातली आहे ना, आडव्या सिलिंडरची, तिच्यातले दोघं समोरासमोर बसून गुद्दे घालतात. याने एक दिला, त्याने एक दिला, फिट्टंफाट, घर शांत. आणि तिसरी जात काटकोनातली. एक पुढे तोंड करून बसलेला, दुसरा त्याच्या पाठीमागे. स्वभावाने सगळ्यांत गोड, पण मागच्याला कधी वारा लागत नाही, म्हणून तो कायम तापलेला."

"आणि तुम्ही दोघं भाऊ कुठल्या जातीचे?" टर्नर दर वेळी विचारायचा.

"तिच्या बापाला विचार. तो कायम पुढे बसला."

गाडीची मालकीण गुरांची डॉक्टर होती. बेचाळीस वर्षं ती याच गाडीवरून वाड्यावस्त्यांवर फिरली, अडलेल्या गाई सोडवल्या, फुगलेल्या म्हशी वाचवल्या. तिला एक जुळी बहीण होती. रविवारी दोघींना सत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि सकाळी सहा वाजता दोघी याच गाडीवर बसून घाट ओलांडून आपल्या जन्मगावी जाणार होत्या. बहिणीला मागे बसवून घाट दाखवीन, हे वचन चाळीस वर्षांपासून पुढे ढकललं जात होतं. या वेळी डॉक्टरबाईंनी स्वतःच इंजिन पूर्ण उघडून नवं करायला सांगितलं होतं. "माझ्या मागे ती बसणार आहे," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

काकांच्या गॅरेजमध्ये कामाचा एक कागद असे. प्रत्येक इंजिनाचा वेगळा. त्यावर कामं ओळीने लिहिलेली आणि ज्याने जे काम केलं त्याने त्या ओळीपुढे ऑइलने माखलेला अंगठा उठवायचा. सही नाही, बरोबरची खूण नाही. काका म्हणत, "तोंडाने केलेलं काम इंजिनाला ऐकू जात नाही. अंगठा उठव." आणि खोटा अंगठा उठवणाऱ्याने हत्यारं ठेवून घरी जायचं, हा नियम. दोन वर्षांपूर्वी डावऱ्या हाताच्या एका मेकॅनिकने न घट्ट केलेल्या बोल्टपुढे अंगठा उठवला होता. अकरा वर्षं काम केलेला माणूस, पण काकांनी त्याला जेवणाच्या डब्यासकट दारातून बाहेर काढलं. मीटरला पहिले सहा महिने अंगठाच नव्हता. ती कामं करायची आणि काका तपासून आपला उठवायचे. या इंजिनाच्या कागदावर पहिल्यांदा तिचे अंगठे होते. सतरा.

आता ती त्या काट्यावरून नजर हलवत नव्हती.

ऑइल तापलं की पातळ होतं. पातळ ऑइल फटींतून भराभर निघून जातं, म्हणून दाब उतरतो. उतरायलाच हवा. अशा इंजिनात, तापल्यावर, हळू चालताना वीस-पंचवीस भरायला हवा. पंचेचाळीस म्हणजे ऑइलला जायला वाट नाही. पंपाच्या प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात तिच्या साहेबांनी नळाच्या तोंडावर बोट दाबून धरलं होतं आणि विचारलं होतं, "दाब वाढला. पाणी वाढलं का?" हे ज्याला कळलं नाही त्याने इथे काम करू नये, असंही ते म्हणाले होते.

तिने आधी सोप्या शंका घेतल्या. घड्याळ बदलून दुसरं लावलं. पंचेचाळीस. जास्तीचा दाब सोडणारी झडप बाहेरच्या बाजूला होती. ती उघडली, स्प्रिंग मोजली, स्वच्छ करून परत बसवली. पंचेचाळीसच.

"अगं, चांगला दाब आहे म्हणून कुणी रडतं का?" काका म्हणाले. "कमी असता तर समजलो असतो."

मग एकच जागा उरली आणि ती कुठली हे तिला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं.

या इंजिनाला कागदी फिल्टर नव्हता. त्या काळच्या लोकांनी ते काम क्रँककडेच, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याकडेच, सोपवलं होतं. क्रँकच्या पोटात एक आडवी पोकळी आणि त्या पोकळीत बोटभर जाडीची एक नळी. ऑइल त्या नळीतून, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दोन्ही कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांकडे जायचं. क्रँक गरगर फिरला की ऑइलमधला जड मळ बाहेरच्या बाजूला फेकला जाऊन नळीत साठायचा आणि स्वच्छ ऑइल पुढे सरकायचं. युक्ती झकास, अट एकच: इंजिन उघडलं की ती गाळाची नळी काढून साफ करायची. पोकळीच्या तोंडाशी खाचेचं एक लोखंडी बूच असतं आणि ते सैल होऊ नये म्हणून त्याच्या कडेला पंचाने ठोका मारलेला असतो.

तीन आठवड्यांपूर्वी मीटरने त्या बुचाला स्क्रू-ड्रायव्हर लावला होता. बूच हललं नाही. तिने जोर केला तशी खाच चेपायला लागली. तेव्हा तिने हवेची नळी घेतली आणि एका छिद्रातून हवा मारली. दुसऱ्या टोकाची दोन्ही छिद्रं फुसफुसली. काका नेहमी असंच करून बघत. मार्ग मोकळा, असं म्हणून तिने ओळ क्रमांक नऊपुढे अंगठा उठवला: 'क्रँकमधले ऑइलचे मार्ग साफ.'

हवा सुईच्या भोकातूनही जाते. हे तिला तेव्हा आठवलं नव्हतं.

आणि ती नळी बंद पडली तर बेअरिंग कोरडं पडतं. कोरडं बेअरिंग तापून रॉड क्रँकला धरून बसतो. मग मागचं चाक एका क्षणात जाम. सपाट रस्त्यावर माणूस फक्त पडतो. घाटात शेजारी कठडा असतो, नाहीतर तोही नसतो.

टर्नरने लेथवर कापड टाकलं. काकांनी शटर ओढायचा आकडा हातात घेतला होता. उजेड कमी झाला की बारीक काम बंद, हाही त्यांचाच नियम. मीटर कागद घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"काका, ओळ नऊवर माझा अंगठा आहे."

"दिसतोय."

"तो खोटा आहे. मी बूच उघडलं नाही. फक्त हवा मारली."

शटरचा आकडा काकांच्या हातातच राहिला. टर्नरने कापडाची घडी उगाचच नीट करायला घेतली.

"हवा गेली ना?"

"गेली. पण किती वाट मोकळी आहे ते हवेवरून कळत नाही. दाब बघा. ऑइल आत जातच नाहीये. इंजिन पुन्हा उघडायला हवं."

"रविवारी सकाळी डॉक्टरबाई निघणार आहेत."

"म्हणूनच."

काकांनी कागद तिच्या हातातून घेतला, चष्म्यावरून वाचला आणि परत दिला. आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "हे इंजिन बारा वर्षांपूर्वी मीच उघडलं होतं. ते बूच मी काढलं होतं, नळी मी साफ केली होती. बारा वर्षांत डॉक्टरबाईंनी गाडी चालवली किती? रविवारची बाजाराला. एवढ्याशाने ती नळी भरत नाही. दाब चांगला आहे, आवाज चांगला आहे. तू खोटा अंगठा उठवलास, त्याचं सोमवारी बघू. पण बसवलेलं इंजिन तुझ्या मनाच्या समाधानासाठी मी उघडणार नाही."

"तुम्ही नका उघडू," मीटर म्हणाली. "मी उघडते. सोमवारी जायचंच आहे, तर काम पूर्ण करून जाते."

"आणि डॉक्टरबाईंना काय सांगायचं?"

"मीच सांगते."

काकांनी शटर ओढलं. "सांग तर मग."

शुक्रवारी सकाळी आठ वाजता तिने फोन केला. पलीकडे कुत्रं भुंकत होतं.

"डॉक्टरबाई, मी गॅरेजमधून बोलतेय. तुमचं इंजिन पुन्हा उघडावं लागेल. चूक माझी आहे."

"थांब. ए, गप बस रे! हं. चूक नंतर. आधी लक्षणं सांग."

"ऑइलचा दाब जास्त आहे. तापल्यावर उतरायला हवा, तो उतरत नाही."

"आणि बाहेरून?"

"बाहेरून एकदम छान. आवाज छान, धूर नाही. काका म्हणतात काही झालेलं नाही."

"पोट फुगलेली म्हैस बाहेरून किती धट्टीकट्टी दिसते माहीत आहे? मालक कौतुकाने सांगतो, बघा कशी भरलीये. आणि तासाभरात ती आडवी होते." मग त्या म्हणाल्या, "उघड. पण रविवारी सहा वाजता मी दारात उभी असेन, आणि माझ्याबरोबर ती उभी असेल. ती माझ्यापेक्षा अकरा मिनिटांनी मोठी आहे आणि ती अकरा मिनिटं मला सत्तर वर्षं ऐकवतेय. तिला नाही म्हणायचं काम तुझं."

"नाही म्हणावं लागणार नाही."

तिने फोन ठेवला. मग तिने बाह्या वर केल्या.

तिने एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर क्रम लिहिला आणि वेळ लिहिली. टाकी, कार्बोरेटर, धुराचे पाइप: चाळीस मिनिटं. इंजिन चौकटीतून खाली: तीस. डोकं, सिलिंडर, पिस्टन: एक तास. टर्नर न बोलावता आला आणि इंजिनाचं दुसरं टोक धरून उभा राहिला.

"तुझं सोमवारचं माहीत नाही," तो म्हणाला, "पण एवढं वजन एकटी उचलशील तर मंगळवारी दवाखान्यात असशील."

काका कोपऱ्यातल्या आडव्या सिलिंडरच्या गाडीशी काहीतरी करत होते. ती गाडी कुणीतरी रात्रभर बाजूच्या स्टँडवर कलती ठेवली होती, त्यामुळे डाव्या सिलिंडरमध्ये ऑइल उतरलं होतं आणि ती डावीकडून निळा धूर ओकत होती. तिचा हा स्वभावच, काही बिघडलेलं नव्हतं. काकांना तिच्यात करण्यासारखं काही नव्हतं. तरी ते तिच्याभोवती तासभर फिरत राहिले. पाठ इकडे, कान इकडे.

दुपारी जेवणाआधी क्रँक बाकावर आला. मीटरने रॉड सोडवले, बेअरिंगं उघडली. सव्वा तासही न चाललेली नवी कोरी बेअरिंगं. एकावर ओढलेल्या रेघा होत्या. तिने ते उजेडात धरलं, काही न बोलता पुठ्ठ्यावर ठेवलं आणि पुढे सरकली. रेघा रेघाच असतात. त्यावरून नळी भरली आहे हे सिद्ध होत नव्हतं, आणि तिला आता सिद्ध नसलेलं काही बोलायचं नव्हतं.

बूच. तिने भोवतालचा काळा थर पितळी ब्रशने घासून काढला. कडेचा पंचाचा ठोका स्वच्छ दिसायला लागला. "आता हा ठोका ड्रिलने खाऊन टाकायचा," ती टर्नरला म्हणाली, "तेव्हा बूच सुटेल."

"थांब."

काका मागे येऊन उभे होते. कधी आले कळलंच नाही. त्यांनी तिच्या हातातली बॅटरी घेतली आणि बुचाच्या अगदी जवळ वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग सरळ झाले आणि आपल्या हत्यारांच्या पेटीतून एक आखूड पंच काढला. त्याचं टोक तिकोनी होतं. तो त्यांच्या उस्तादांनी त्यांना दिलेला, हे गॅरेजमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी बंद केलेल्या प्रत्येक बुचावर तिकोनी खळगा असे.

या बुचावरचा खळगा गोल होता. आणि एकच होता.

"कारखान्यातला आहे," काका म्हणाले.

काका आत गेले. लोखंडी कपाटाचं दार किरकिरलं, कागद चाळल्याचा आवाज आला. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात पिवळा पडलेला एक कामाचा कागद होता. बारा वर्षांपूर्वीचा, याच गाडीचा. त्यांनी तो तिच्या कागदाशेजारी बाकावर ठेवला. ओळ क्रमांक नऊ. तपकिरी झालेला, रुंद, मधोमध जखमेची आडवी रेघ असलेला अंगठा. ती जखम अजूनही काकांच्या उजव्या अंगठ्यावर होती.

"मला पक्कं आठवत होतं, मी उघडलं म्हणून," ते म्हणाले. "शपथ घ्यायला सांगितली असतीस तर घेतली असती. आता आठवतंय. फिरलं नाही. खाच चेपायला लागली. मीही हवाच मारली."

टर्नरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हणजे नियमाप्रमाणे दोघंही घरी. मग शटर मी ओढू? का रविवारपर्यंत मुदत आहे?"

काका हसले नाहीत, पण त्यांचे खांदे किंचित खाली आले. "खाच किती रुंद आहे, मोज," ते मीटरला म्हणाले. "नुसती रुंदी नको. खोलीपण."

तिने मोजली. टर्नरने कडक पोलादाचं पातं तेवढंच, केसाचाही फरक न ठेवता घासून बनवलं. साधा स्क्रू-ड्रायव्हर खाचेतून उसळतो म्हणून त्यांनी क्रँक उभ्या ड्रिल मशीनखाली पक्का धरला आणि ते पातं मशीनच्या तोंडात बसवलं, म्हणजे वरून दाब राहील आणि पातं हलणार नाही. मशीन सुरू करायचं नाही, हाताने फिरवायचं. काकांनी ठोका ड्रिलने खाल्ला. मीटरने गॅसची ज्योत बुचाभोवती फिरवली, थर्मामीटर लावून. काकांनी त्या थर्मामीटरवरून तिला एक शब्दही बोलायचा टाळला, हे टर्नरने नंतर दोनदा सांगितलं.

"आता."

मीटरने पाना ओढला. काही नाही. पुन्हा तापवलं. पुन्हा ओढला. तिच्या पायाखालची फळी करकरली. तिसऱ्यांदा बुचातून असा कट्टकन आवाज आला की काहीतरी मोडलंच, असं सगळ्यांना वाटलं. मोडलं नव्हतं. साठ वर्षांत पहिल्यांदा ते फिरलं होतं.

बूच निघालं, नळी मात्र निघेना. मीटरने आकडा घालून ओढली, टर्नरने ओढली.

"घाई झाली की अक्कल गहाण," काका म्हणाले. आता आवाजात जुना खट्याळपणा होता. "फ्लायव्हीलचा एक बोल्ट त्या नळीतून आरपार जातो. तो काढल्याशिवाय ओढत बसलात तर तुमचंही सत्तरावं वर्ष इथंच लागेल."

बोल्ट काढला. नळी सरकली आणि बाहेर आली.

तिला नळी म्हणणंही कठीण होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत राखाडी, चकचकीत, ओल्या सिमेंटसारखा गाळ गच्च भरला होता. मधून एक वेडंवाकडं भोक गेलं होतं. मीटरने त्यात तारा घालून बघितल्या. दीड मिलिमीटरची गेली. दोनची गेली नाही.

"दीड," ती म्हणाली.

काकांनी गाळाचा एक तुकडा नखाने खरवडला आणि बोटांत चुरला. त्यात पितळेचे बारीक कण चमकत होते. बेचाळीस वर्षांच्या वाड्यावस्त्या.

शनिवार सगळा जोडण्यात गेला. जुन्या नळीऐवजी टर्नरने नवी नळी कापून दिली. बुचाची खाच चेपली होतीच, म्हणून टर्नरने नवं बूच आटे पाडून बनवलं, षटकोनी पाना बसेल असं, म्हणजे पुढच्या माणसाला त्रास नको. काकांनी कागदी गॅस्केटं हाताने कापली. दुसरी बेअरिंगं मीटरने दोनदा मोजली आणि तिसऱ्यांदा मोजायला लागली तेव्हा काका म्हणाले, "बस. उद्याच रविवार आहे." नवं बूच घट्ट झाल्यावर काकांनी तिकोनी पंच तिच्या हातात दिला. ती एकदम त्यांच्याकडे बघायला लागली.

"मार," ते म्हणाले. "एकच. सरळ."

उजेड जायच्या आत इंजिन चौकटीत होतं. सुरू मात्र सकाळीच करायचं, असं ठरलं.

रविवारी पावणेसहाला डॉक्टरबाई दारात होत्या. शेजारी त्यांच्याच चेहऱ्याच्या, त्यांच्यापेक्षा ठेंगण्या बाई, डोक्यावर हेल्मेट आधीच घातलेलं. "तयार आहे का?" हेल्मेटमधून आवाज आला. "ही चाळीस वर्षं हो म्हणतेय. मी आता कुणाच्याही हो वर विश्वास ठेवत नाही."

"अकरा मिनिटं थांब," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जन्मताना तू मला तेवढं थांबवलंस."

काकांनी ऑइलच्या टाकीतलं ऑइल आपण होऊन दोनदा पाहिलं. या गाड्या काही दिवस उभ्या राहिल्या की टाकीतलं ऑइल पंपातून खाली झिरपून इंजिनाच्या तळाशी जातं. टाकी रिकामी दिसते आणि अडाणी माणूस वरून आणखी ओततो. मग सुरू झाल्यावर सगळं वर येऊन पायावर सांडतं. काल भरलेलं, आज तेवढंच. ठीक.

किक. दुसरी किक. इंजिन धडधडलं. मीटर घड्याळाजवळ बसली.

"पासष्ट," ती म्हणाली.

पंखा लावला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सिलिंडर तापला. आणि तिने अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर काटा हलला. चाळीस. पस्तीस. तीस.

"अगं उतरतोय!" बहीणबाई ओरडल्या. "काटा उतरतोय! काहीतरी बिघडलं!"

काकांचा हात आपोआप इंजिन बंद करायच्या बटणाकडे गेला होता. चाळीस वर्षांची सवय. मीटरने तो हात अलगद धरला आणि बाजूला ठेवला.

सव्वीस. चोवीस. काटा थांबला. तिने अ‍ॅक्सिलरेटर दिला. छप्पन्न. सोडला. चोवीस. पुन्हा दिला, पुन्हा सोडला. दर वेळी काटा श्वास घेतल्यासारखा वर गेला आणि खाली आला.

"चोवीस," ती म्हणाली. "आता ऑइल वाहतंय."

डॉक्टरबाईंनी तिच्या हातातून ती गाळाची जुनी नळी घेतली, जी तिने कागदात गुंडाळून ठेवली होती. डोळ्यांजवळ नेली. "असे मुतखडे मी बैलांचे काढलेत," त्या कौतुकाने म्हणाल्या. "हे मी घेऊन जाते." आणि त्यांनी ती खरंच खिशात घातली.

"आधी गाडी चालव," बहीण म्हणाली आणि मागे चढली.

गाडी कोपऱ्यापर्यंत गेली, थांबली, मागच्या बाईने वळून हात हलवला, आणि मग घाटाच्या रस्त्याकडे वळली. दोन्ही पिस्टन एकदम वर, एकदम खाली. आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत तिघंही दारात उभे होते. काका सगळ्यांत शेवटी आत आले.

बाकावर कामाचा कागद होता. ओळ नऊपुढचा तिचा जुना अंगठा तिने स्वतः खोडला होता, शेजारी नवा उठवला होता आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'बूच काढलं, नळी डोळ्यांनी पाहिली.' खाली शेवटची ओळ मोकळी होती. 'इंजिन द्यायला हरकत नाही.' ती नेहमी काकांची.

तिने फडकं घडी करून ठेवलं. "सोमवार उद्या आहे," ती म्हणाली. "पण सांगायचंच असेल तर आज सांगा."

काकांनी ऑइलच्या वाटीत बोट बुडवलं, मग थांबले आणि वाटीच तिच्याकडे सरकवली.

"शेवटच्या ओळीवर उठव. तू उघडायला लावलंस, तू बंद केलंस, तूच दिलंस." ती उठवेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग पिवळा, बारा वर्षांपूर्वीचा कागद उचलून त्यांनी आपला अंगठा लाल पेन्सिलीने खोडला. दोनदा, कागद फाटेल इतक्या जोरात.

"टर्नर," ते मान वर न करता म्हणाले, "त्या डावऱ्याचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

टर्नरने लेथवरचं कापड काढता काढता त्यांच्याकडे पाहिलं. "आहे."

"दे."

"तो फोन उचलणार नाही."

"मग त्याच्या घरी जाऊ," काका म्हणाले आणि हात धुवायला गेले.